पाळकबाईचा भोपळा

“कोंबड्या धरल्या, तर पाळकसाहेबांना तहसीलदारापरीस जास्त पडतं,” मार्कसतात्या ओसरीवर म्हणाले, तेव्हा मी आत त्यांच्याच चहासाठी आलं ठेचत होते. बत्त्याचा पुढचा घाव जरा जोरातच बसला.

“कोंबड्या कशा धरता तात्या?” अमोलिक मास्तरांनी विचारलं. “कोंबडी म्हणजे काय महागाई भत्ता आहे?”

“का न्हाई? कोंबडी झाली, अंडी झाली, भोपळं झालं. घर फुकट. पानी मंडळीच्या आडाचं. मानसाला अजून लागतं काय?”

“आन् मास्तर, ही सेवा हाय,” थोमाअण्णा म्हणाले. “नोकरी न्हाई. सेवेला जास्त पगार मागितला तर ती सेवा ऱ्हाती का?”

थोमाअण्णांनी त्याच महिन्यात दुसरा ट्रक घेतला होता. त्या ट्रकवर प्रार्थना करायला आमचे हे चार किलोमीटर सायकल मारत गेले होते आणि येताना एक भोपळा घेऊन आले होते.

ही आमच्या निंबोरीच्या ख्रिस्ती मंडळीची पंचकमिटी. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. माझे यजमान रेव्हरंड शांतवन हिवाळे तिथे अकरा वर्षं पाळक होते. कमिटी देवळात न बसता नेहमी आमच्या ओसरीवर बसायची, कारण देवळात चहा मिळत नाही. त्या दिवशी विषय एकच होता, पाळकाचा पगार. मास्तर कमिटीचे सेक्रेटरी, त्यांनी मोठ्या हिमतीनं तो काढला होता. आमच्याच मंडळीतला शाळेचा शिपाई पाळकाच्या दुप्पट कमावतो, वर त्याला फंड आहे, दवाखाना आहे, सुट्टी आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. आता सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. ज्याच्या पोटाचा प्रश्न तो माणूस काय म्हणतो ते ऐकायला मीही बत्ता हातात धरून थांबले.

हे म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.”

प्रार्थना सुंदर झाली. तीत तात्यांची गिरणी आली, अण्णांचा ट्रक आला, मास्तरांच्या आईचा गुडघा आला. पगार आला नाही. ‘आमेन’ म्हणून सगळे उठले आणि जाता जाता थोमाअण्णा मला म्हणाले, “बाई, चहा फस्क्लास. आलं तेवढं जरा जास्त पडलं.”

आता कोंबड्यांचं सांगते. कोंबड्या येत होत्या, खोटं कशाला बोलू? पण कोंबडी आली की मागोमाग कमिटीही यायची. ज्या कोंबडीचा तात्यांनी हिशेब धरला होता तिची तंगडी तात्यांनीच खाल्ली होती. भोपळ्यांचं तर विचारूच नका. सगळ्या गावाच्या वेलांना एकाच आठवड्यात भोपळे लागतात, त्यामुळे सगळ्या गावाला एकाच आठवड्यात पाळकाची आठवण येते. आमच्या बाजेखाली भोपळ्यांची रांग लागलेली असायची. मी घारगे केले, भरीत केलं, भाजी केली, खीर केली. शेवटी हे जेवायला बसताना डोळे मिटून जी प्रार्थना म्हणत ती मला जरा लांबायला लागली आहे असं वाटे. आणि वाण्याकडे भोपळा देऊन तेल मिळत नाही, हे काही मला कमिटीला पटवता आलं नाही.

यांना हर्निया होता. सायकलवरून चार वाड्यांना उपासनेला जायचं, पावसाळ्यात सायकलच खांद्यावर घ्यायची, त्यातून तो वाढला होता. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. कमिटीपुढे विषय गेला, तेव्हा कमिटीनं हर्नियासाठी प्रार्थना केली. पुढच्या महिन्यात परत गेला, तेव्हा परत केली. हे वरच्या पट्टीतलं गीत गाताना एक हात पोटावर दाबून धरत. लोकांना वाटायचं पाळकसाहेब फार भावुक झाले.

त्या दिवशी कमिटी गेल्यावर हे अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले. मी समोर जाऊन उभी राहिले.

“काय हो, तोंडाला कुलूप लागलं होतं का?”

“अगं, निघालाच नाही शब्द. घशात अडकतो.”

“कोणता शब्द?”

ट्यूब पाण्यात बुडवून ते बुडबुडे शोधत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, “मी विल्सनला हो म्हणालोय.”

विल्सन म्हणजे यांचा बोर्डिंगातला मित्र, साखर कारखान्यात लेबर ऑफिसर. टाइमकीपरची जागा रिकामी होती. तो केव्हाचा मागे लागला होता. पगार तिप्पट, फंड, क्वार्टर, दवाखाना कारखान्याचा.

“कधीपासून?”

“कापणीच्या सणानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. सण झाला की पंचांना सांगतो. मी बावन्न वर्षांचा झालो. उद्या मला काही झालं तर हे घर तुला आठ दिवसांत रिकामं करावं लागेल. याचा विचार मी करायचा नाही, तर कोणी करायचा?”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हा माणूस कारखान्याच्या फाटकात उभा राहून उशिरा येणाऱ्यांची नोंद करणार? उशीर का झाला हे विचारील, त्याच्या घरी कोण आजारी आहे ते ऐकेल, डोळ्यांत पाणी आणील आणि त्याला वेळेवर आलेला मांडील. महिन्याभरात कारखाना यांना काढणार किंवा कारखाना बंद पडणार. आणि खरं सांगायचं तर, यांना दुसरं काही करताना मला बघवलं नसतं. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसावं ते यांनीच. मी मनाशी ठरवलं की सोमवारच्या आत यांचा फंड उभा करायचा. कमिटी देणार नसेल तर कमिटीच्या खिशातून काढायचा.

आमच्याकडे कापणीच्या सणाला प्रत्येक जण पहिल्या पिकातलं काहीतरी देवळात आणतो. बाजरी, कापूस, ऊस, कोंबड्या, बोकड. उपासना झाली की त्याचा तिथेच लिलाव होतो. आणि त्या लिलावाची एक रीत आहे. शेवटची बोली ज्याची, त्यानं पैसे मोजायचे, आणि अंगात दानत असेल तर वस्तू न घेता मोठ्यानं म्हणायचं, “परत प्रभूला!” की तीच वस्तू पुन्हा लिलावात. जितक्या वेळा परत, तितकी इज्जत जास्त. एका वर्षी एक कोंबडी सात वेळा विकली गेली आणि शेवटी उन्हानं मेली. दुसरं म्हणजे, वस्तू देणाऱ्यानं हेतू सांगितला तर ते पैसे त्याच कामाला लागतात. देवळाची घंटा अशीच एका बोकडावर आली होती.

हे मला माहीत होतं. आणि मला तात्या आणि अण्णाही माहीत होते.

ते दोघे व्याही. तात्यांची मुलगी अण्णांची सून. त्या लग्नात चौथ्या पंगतीला मटण कमी पडलं. तात्यांनी कमी शिजवलं की अण्णांनी वऱ्हाड जास्त आणलं, यावर सात वर्षं दोघं बोलत नव्हते. म्हणजे एकमेकांशी बोलत नव्हते, बाकी गावाशी याच विषयावर बोलत होते. दोघांचं एकमत फक्त कमिटीत व्हायचं, ते पाळकाच्या पगारावर.

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन तात्यांच्या गिरणीत गेले.

“सलाम, तात्या. सणाची तयारी काय म्हणते?”

“सलाम, बाई. चाललीय आपली.”

“यंदा थोमाअण्णांपुढे लिलावात कोणी टिकत नाही असं लोक म्हणतात. दोन ट्रक झाले ना.”

लोक म्हणत होते हे अगदीच खोटं नव्हतं. निदान मी तरी म्हणत होते.

तात्यांनी पट्टा सोडून गिरणीच थांबवली. “ट्रक हप्त्यावर हायेत, बाई. देवळात हप्तं चालत न्हाईत. तिथं रोकडा लागतो.”

पीठ डोक्यावर घेतलं आणि घरी न जाता तशीच अण्णांच्या वस्तीवर गेले. अण्णा कांद्याच्या चाळीपाशी खाट टाकून बसले होते. मी पाणी मागितलं, पदरानं वारा घेतला, गिरणीत गर्दी किती होती ते सांगितलं.

“काय म्हनत व्हता यवाही?” अण्णांनी दुसरीकडे बघत विचारलं.

“काही नाही. सणाचंच. देवळात हप्ते चालत नाहीत, असं काहीसं म्हणत होते. मला काही कळलं नाही बाई.”

अण्णा खाटेवर उठून बसले. मला त्यांनी दोन भोपळे दिले.

सणाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं. वेदीला बाजरीची कणसं आणि ऊस बांधले होते. खालच्या सतरंजीवर पाय बांधलेल्या कोंबड्या, डावीकडे दोन बोकड. संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना त्यातला एक बोकड अगदी योग्य जागी ओरडायचा, आणि म्हातारे सवयीनं ‘आमेन’ म्हणायचे. मी पेटीवर होते. यांचा संदेश मला त्या दिवशी फार गोड लागला आणि फार वाईट वाटलं, कारण तो शेवटचा आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. शेवटच्या गीताला माझा एक सूर चुकला.

लिलाव अमोलिक मास्तर करायचे. आवाज खणखणीत, वर्गावर घासलेला. एक बोकड गेला, बाजरीचं पोतं गेलं. मग मी ठरल्याप्रमाणे खूण केली.

“पाळकबाईंकडून एक भोपळा!” मास्तरांनी तो दोन्ही हातांनी वर धरला. “हेतू, पाळकसाहेबांचा फंड!”

तात्या जागेवरून उठले. खजिनदार तेच होते. “असा फंडच न्हाई आपल्याकं.”

“देणाऱ्यानं हेतू सांगितला, आपण लिहून घ्यायचा,” मास्तर म्हणाले. “घंटेच्या वेळी घंटा कुठे होती? चला, पाच रुपये! पाच रुपये एक वार—”

“धा,” कोणीतरी दयेनं म्हणालं.

भोपळा दहाला गेला तर हे सोमवारी कारखान्यात. मी पेटीच्या आडून पुरुषांच्या बाजूला बघितलं. अण्णा मिशीवरून हात फिरवत होते.

“एकावन्न,” अण्णा म्हणाले. आणि वर न बघता जोडलं, “रोकडा.”

सगळं देऊळ तात्यांकडे वळलं. तात्यांचे कान लाल झाले.

“एकशेएक!”

“दोनशे.”

“दोनशेएक!”

“तीनशे.”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पाचशेएक!”

अण्णा क्षणभर थांबले. हिशेबानं नाही, व्याह्याचे पैसे चांगले अडकले म्हणून. मास्तरांनी तीन वार केले. भोपळा तात्यांना सुटला. तात्यांनी उभं राहून कोटाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, अण्णांना दिसतील अशा मोजल्या आणि भोपळ्याला हातही न लावता गरजले, “परत प्रभूला!”

बायकांच्या बाजूला टाळ्या पडल्या. तात्यांची लेक, म्हणजे अण्णांची सून, तोंडात पदर कोंबून बसली होती. आता बापाकडे बघावं की सासऱ्याकडे हे तिला समजत नसावं.

दुसऱ्या फेरीत भोपळा अण्णांना गेला, सातशेएकला. “परत प्रभूला!” तिसऱ्या फेरीत अण्णांच्या पोराला पैसे आणायला मोटारसायकलवर घरी पाठवावं लागलं. चौथ्या फेरीपर्यंत भोपळा पाळकाच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या वर गेला होता आणि मास्तरांचा आवाज बसला होता. कोंबड्या आणि दुसरा बोकड तसेच पडून होते, त्यांच्याकडे कोणी बघेना. पाचव्या फेरीला तात्यांच्या बायकोनं बायकांच्या बाजूनं उठून सगळ्यांसमोर त्यांचा कोट ओढून खाली बसवलं, तेव्हा कुठे तो लिलाव थांबला.

वेदीपुढच्या ताटात नोटांचा ढीग होता. मी डोळे मिटून देवाला म्हटलं, बापा, मार्ग जरा वाकडा होता, पण पोचलो.

आता पाळकानं उठून दानासाठी आभाराची प्रार्थना करायची. हे उठले. ताटाकडे बघितलं, भोपळ्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग मला म्हणाले, “पाणी दे जरा.”

मी तांब्या दिला. अर्धा तांब्या प्यायले.

“हे पैसे मी घेणार नाही.”

त्या क्षणी यांना कोणी मला ठेचायला दिलं असतं तर मी ठेचलं असतं.

“आता वं!” तात्या ओरडले. “वेदीपुढं बोललोय आमी. माघारी घेता येतंय व्हय?”

“माघारी घेऊ नका. देवळाच्या कौलांना लावा, गळतंय. पण पाळकाला नकोत.” यांचा एक हात पोटावर होता. “तुमच्या कोंबड्या, तुमचे भोपळे मी अकरा वर्षं खातोय. प्रेमानं देता, प्रेमानं खातो. पण दान घेणाऱ्याला मागता येत नाही. मला नाही आलं. आज या दोघांची चुरस लागली म्हणून मला फंड मिळाला. पुढच्या वर्षी त्यांची गोडी झाली तर मी काय करू? पाळक म्हणून त्यांच्या समेटासाठी प्रार्थना करायची, आणि घरी जाऊन ती ऐकली जाऊ नये म्हणून दुसरी करायची?”

मग मागून कोणीतरी खुसखुसलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं. तात्या आणि अण्णा सात वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होते.

हे मात्र हसले नाहीत. “मला पगार पाहिजे,” ते म्हणाले.

निघाला. तो शब्द निघाला. मी पेटीचा भाता घट्ट धरला.

“रीतसर पगार पाहिजे. फंड पाहिजे. आजारी पडलो तर दवाखाना, आणि वर्षातून काही दिवस सुट्टी. नसेल देता येत तर तसं सांगा, माझा राग नाही. उद्या मला कारखान्यात हजर व्हायचंय, टाइमकीपर म्हणून.”

देवळात एकदम कुजबुज उठली. अण्णा उभे राहिले. “पर पाळकसाहेब, ही सेवा—”

“सेवा मी प्रभूची करतो, अण्णा. करतच राहीन, कारखान्यात पण करीन. पण वाणी मला सेवेवर साखर देत नाही.” ते उरलेलं पाणी प्यायले. मला वाटलं संपलं. पण त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. “आणि एक पगार नको. दोन पाहिजेत.”

“दोन कसलं?” तात्यांनी विचारलं.

“या मंडळीत दोन माणसं काम करतात. पेटी कोण वाजवतं? रविवारची शाळा कोण घेतं? बायकांची सभा? मयताच्या घरी पहाटे भाकऱ्या घेऊन कोण जातं? माझ्याआधी लोक हिला बोलावतात. तुम्ही पाळक एक नेमला आणि राबवून घेता दोघांना. मीसुद्धा घेतलं. मला स्वतःसाठी मागताना शब्द फुटत नव्हता, काल रात्रभर विचार करत होतो, काय केलं तर फुटेल. हिच्यासाठी मागायचं ठरवलं, तेव्हा फुटला.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अकरा वर्षं मी यांच्या पगारासाठी आतल्या आत तडफडले होते, डावपेच केले होते, दोन मोठ्या माणसांना भोपळ्यावरून झुंजवलं होतं. माझाही काही पगार असू शकतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. डोळ्यांसमोर पेटीच्या पट्ट्या धूसर झाल्या.

“बाईचा कसला आलाय पगार?” अण्णा म्हणाले. “पाळक आला की पाळकबाई येतीच की संगं.”

“बस खाली, थोमा.”

हा आवाज बायकांच्या बाजूनं आला. जनाबाई, मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, काठीवर रेलून उभी राहिली होती. “तुझ्या सुनंच्या बाळंतपनात तीन रोज कोन बसलं व्हतं? तू? का तुझा टरक?”

अण्णांच्या सुनेनं तोंडातला पदर काढला आणि सासऱ्यासमोर मान हलवली. अण्णा बसले.

“ते समदं खरं,” तात्यांनी शेवटचा प्रयत्न केला, “पर कोंबड्या धरल्या तर—”

“कोंबड्या आमच्या, मार्कस,” जनाबाई म्हणाली. “आमी आमच्या हातानं पाळकबाईला देतो. तू कशाला मोजतो? खातो तू, म्हनून?”

त्यावर जो हशा उठला त्यात बोकडही सामील झाला. तात्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. मग अण्णांकडे बघून, तिरीमिरीत येऊन म्हणाले, “ठीक हाय. पाळकबाईचा पगार माझ्याकडून!”

“तुझ्याकडून का?” अण्णा उठलेच. “माझ्याकडून. वर फंड!”

“फंड पन माझा!”

“तात्या, अण्णा,” हे म्हणाले, “लिलाव संपला. आता ठराव करा.”

आणि हे वेदीपाशी तसेच उभे राहिले. प्रार्थना करू या म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत कमिटीला प्रार्थनेशिवाय गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मास्तरांनी बसलेल्या आवाजात सूचना मांडली. कोणाचा विरोध आहे का विचारलं. बायकांच्या बाजूला जनाबाई अजून उभीच होती, काठी जमिनीवर टेकून, त्यामुळे विरोध कोणाचा झाला नाही.

कमिटी तिथेच सतरंजीवर बसली, कोंबड्यांच्या मधोमध. लोक घरी जायचे सोडून भोवती उभे राहिले. यांचा पगार ठरला, फंड ठरला, नाताळ झाल्यावर ऑपरेशनचं ठरलं, आणि ते पुढे नगरला झालंही. ऑपरेशननंतर हे पहिल्यांदा वरच्या पट्टीत दोन्ही हात मोकळे सोडून गायले तेव्हा लोकांना वाटलं, पाळकसाहेबांची भक्ती कमी झाली. विल्सनला दुसरा टाइमकीपर मिळाला.

मग माझा पगार. तो फार नव्हता, सांगण्यासारखा तर अजिबात नव्हता. त्यावर तात्या आणि अण्णांनी बरंच ताणलं, पण दोघंही एकाच बाजूनं ताणत होते आणि मध्येच चक्क एकमेकांशी बोलत होते. शेवटी आकडा ठरला. तात्यांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि हिशेबाच्या मोठ्या वहीत लिहायला घेतलं. मोठ्यानं म्हणत म्हणत लिहायची त्यांची सवय होती.

“पाळक, रेव्हरंड शांतवन हिवाळे.” तेवढं झालं. “खाली, पाळकबाई…” पेन थांबलं.

त्यांनी वर बघितलं. “बाई, नाव?”

“कोणाचं?”

“तुमचं.”

अकरा वर्षं हा माणूस माझ्या हातचा चहा पीत होता. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तर कौलं बघायला लागले. अण्णा हळूच म्हणाले, “सौभाग्यवती हिवाळे लिही की,” पण त्यांच्याच सुनेनं मागून हूं केलं, तसे ते गप्प झाले. पंचकमिटीतल्या एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. पाळकबाई म्हणून भागत होतं, कोणाचं काही अडलं नव्हतं. पगाराच्या वहीला मात्र नाव लागतं.

यांनी सांगायला तोंड उघडलं. मी हात वर करून थांबवलं.

“रत्नमाला,” मी म्हणाले. कित्येक वर्षांत मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, त्यामुळे आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला आणि बाजूच्या दोन कोंबड्या फडफडल्या. “रत्नमाला शांतवन हिवाळे.”

तात्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग वही माझ्याकडे फिरवली आणि जरा वरमून म्हणाले, “बघा, बरोबर लिवलंय का.”

बरोबर होतं. मी तरी दोनदा वाचलं.